खारीचा परतावा

जॉस्लिनच्या घरचा दिवस आठ तारीख. त्या दिवशी फूड स्टॅम्पच्या सरकारी कार्डात महिनाभराच्या खाण्याचे पैसे पडतात, आणि शाळा सुटल्या सुटल्या जॉस्लिन चार वर्षांच्या एमेटला ट्रॉलीत कोंबून टॅकेट्समध्ये हजर होते. टॅकेट्स म्हणजे पूरभिंतीला खेटून असलेलं किराणा दुकान. भिंतीपलीकडे ओहायो नदी, नदीपलीकडे केंटकी, आणि अलीकडे पोर्ट्समथ गावातली ती सगळी माणसं, ज्यांचाही दिवस आठ तारीख असतो. आई, म्हणजे क्रिस्टा, नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना उचलते, बसवते, पुसते. तिची ड्यूटी सातला सुटते. त्यामुळे कार्ड, यादी आणि भाऊ, तिन्ही जॉस्लिनच्या ताब्यात. वय पंधरा, तोंड धारदार.

ते कार्ड फक्त खाण्याला चालतं. साबणाला नाही. टॉयलेट पेपरला नाही. पॅडला तर नाहीच, जणू गरिबाघरच्या पोरींना ते लागतच नाहीत. आणि कहर म्हणजे गरम कोंबडीलाही नाही! काचेच्या पेटीत फिरणारी, वास सुटलेली भाजकी कोंबडी चालत नाही. तीच रात्रभर फ्रीजमध्ये गारठवली की दुसऱ्या दिवशी चालते. हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला एकदा भेटायचंच, असं जॉस्लिनने ठरवून ठेवलं होतं.

ऑगस्टच्या आठ तारखेला गल्ल्यावरच्या ल्युऐनने कपडे धुवायची पावडर आणि पॅडचं पाकीट हळूच बाजूला सरकवलं.

"हे कार्डावर नाही ना बसत, बाळा. रोख आहे?"

"नाही. राहू दे."

मागच्या रांगेतला टोपीवाला गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "आमच्या टॅक्समधून फोन मात्र बरे मिळतात यांना."

"फोन आजोबांचा जुना आहे, काका," जॉस्लिन वळून म्हणाली. "आणि तुमच्या टॅक्सचं माहीत नाही, पण तुमचं सेंट इथवर आलंय."

ल्युऐन खोकल्यासारखं करून हसली. जॉस्लिनही हसली. घरी जाईपर्यंत मात्र तिचे कान जळत होते, आणि त्या आठवड्यात तिने शाळेच्या बाथरूममधले कागदी रुमाल घडी घालून वापरले. ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

मग ओपल आजीने तिला खार दाखवली.

ओपल आजी खालच्या मजल्यावर एकटी राहायची. दिवसभर जिन्याखालच्या खुर्चीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची उलटतपासणी घ्यायची. "ए ठमे, पावत्या फेकतेस?" तिने विचारलं आणि आपला फोन पुढे केला. पडद्यावर एका ॲपची केशरी रंगाची खार होती. वस्तूवरच्या बारकोडच्या पट्ट्या फोनसमोर धरायच्या, पावतीचा फोटो काढायचा, की खार टाळ्या वाजवते आणि तुमच्या नावावर थोडे पैसे जमा करते. खरे, रोख, काहीही घेता येईल असे.

"पण माझी खरेदी तर कार्डावरची आहे."

"खारीला काय करायचंय! तिला पावती हवी. यात चोरीमारी काही नाही, मी विचारून घेतलंय."

जॉस्लिन कुठलीही गोष्ट अर्धवट करत नसे. आठ दिवसांत तिला अशा सवलती तोंडपाठ झाल्या, ज्या टॅकेट्सच्या मालकालाही ठाऊक नव्हत्या. मॅकरोनी-चीजचे डबे, कॉर्नफ्लेक्स, पीनट बटर, सफरचंदाचा गर, दूध. सप्टेंबर संपता संपता पहिले पैसे हातात आले आणि तिने पॅड, धुण्याची पावडर आणि बारा गुंडाळ्यांचा टॉयलेट पेपर विकत घेतला. ते भलंमोठं पुडकं डोक्यावर घेऊन ती भर रस्त्यातून मिरवत घरी आली. आई दारातच रडायला लागली आणि मग दोघी इतक्या हसल्या की एमेटला कळेना, कागदात एवढं हसण्यासारखं काय आहे.

ऑक्टोबरमध्ये कॉर्नफ्लेक्स वाजेनासे झाले.

पहिल्यांदा जॉस्लिनच्या एवढंच लक्षात आलं. सकाळी एमेट समोर बसून खात होता, जबडा हलत होता, आणि स्वयंपाकघरात फक्त फ्रीजचा आवाज होता. तिने मूठभर तोंडात टाकले. चव होती, दाताखाली तुटतही होते. पण आवाज नव्हता. डबा ओलसर जागी राहिला असेल, तिने ठरवलं.

मग मॅकरोनीची वाफ गेली. भांड्यातून वर येताना दिसायची, पण जॉस्लिनच्या चष्म्यावर धरायची नाही. दूध सांडलं तर टेबल पांढरं व्हायचं, ओलं होत नसे. पीनट बटरचा चमचा चाटला तरी जीभ टाळूला चिकटत नव्हती. या सगळ्याला जॉस्लिनकडे कारणं होती: स्वस्तातला माल, जुना साठा, आपलीच झोप झालेली नाही. ती विज्ञानात वर्गात पहिली होती आणि कारणांशिवाय राहणं तिला जमत नसे.

एका गुरुवारी एमेटने दोन वाडगे संपवले, तिसरा मागितला, तोही संपवला. जॉस्लिनने भांडी विसळायला घेतली. मागून त्याचा आवाज आला.

"जॉस, आपण जेवलो का?"

"तीन वाडगे, ढेरपोट्या. विसरलास?"

तो आपल्या रिकाम्या वाडग्याकडे बघत राहिला. चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"वाढीचं वय आहे," आई म्हणाली. बोलता बोलता तिने कमरेचा पट्टा ओढला आणि शेवटच्या भोकाच्याही पुढे चाकूने पाडलेल्या नव्या भोकात अडकवला.

नोव्हेंबरच्या आठ तारखेला जॉस्लिनने प्रयोग केला. मॅकरोनीचे दोन डबे घेतले, एकाच कंपनीचे, एकाच तारखेचे, पण दोन वेगळ्या पावत्यांवर. एक पावती खारीला दाखवली. दुसरी फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवली. शनिवारी पहिला डबा शिजवला. एमेटने सगळा खाल्ला आणि तासाभरात भुकेने जमिनीवर लोळला. रविवारी दुपारी तिने दुसरा उघडला.

पाणी उकळलं तसा वास सुटला. असा वास की जॉस्लिनला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. तिचा चष्मा पांढराफटक झाला. एमेट खुर्चीवर गुडघ्यांवर उभा राहून खात होता, चपचप आवाज, चमचा वाडग्याला घासतोय, नाकाला चीज. चौथ्या घासाला त्याने ढेकर दिला. गेल्या दोन महिन्यांत त्याने ढेकर दिला नव्हता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

आई आतून केस पुसत आली. रविवार असल्यामुळे खुशीत होती.

"अगं वेंधळे, ही पावती राहिली की! दाखवायचा आज शेवटचा दिवस आहे."

तिने आपला फोन उचलून पावतीवर धरला.

"आई, थांब..."

खारीने टाळ्या वाजवल्या.

वाडग्यावर घासणारा चमचा वाजायचा थांबला. चमचा थांबला नव्हता. एमेटचा हात वर-खाली होत होता, जबडा हलत होता, आणि स्वयंपाकघरात फक्त फ्रीजचा आवाज होता.

जॉस्लिनच्या चष्म्यावरची वाफ निघून गेली.

एमेटने मान वर केली. ओठांना चीज लागलं होतं.

"जॉस, आपण जेवलो का?"

आईच्या हातून फोन सुटला नाही. तिने तो हळूच टेबलावर पालथा ठेवला. जॉस्लिनने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार! भूक लागते, लागते. मला कायमच लागते." आईचा आवाज चढला. "आणि ती खार बंद केली तर पावडर कुठून आणू? तुझे ते कुठून आणू? कामावर कपड्यांना वास आला तर काढतील मला, कळतंय?"

"तो उपाशी आहे, आई!"

"तो रोज जेवतो!"

वाक्य बरोबर होतं. तेच भयंकर होतं.

जॉस्लिन जिना उतरून खाली गेली. ओपल आजी आज खुर्चीत नव्हती, घरात टेबलाशी होती. समोर सूप होतं. वर वाफ दिसत होती आणि आजीचा चष्मा स्वच्छ होता.

"तुम्हाला कळलं होतं," जॉस्लिन म्हणाली. तिला प्रश्न विचारायचाच नव्हता.

"तुला शिकवलं तेव्हा नव्हतं कळलं गं. कळलं ते नंतर, जेवून उठले तरी भूक जाईना तेव्हा." आजीने चमचा सुपात फिरवला. "पण तू ते पुडकं डोक्यावर घेऊन आलीस ना, त्या दिवशी वाटलं, नको सांगायला. आणि कवळी बसवायची पेस्ट कार्डावर मिळत नाही. म्हातारीला खायला लागतं किती?"

"एमेट चार वर्षांचा आहे!"

"मला ओरडू नकोस, ठमे. मी नाही बनवलं ते."

तेच तर! कुणीच बनवलेलं नव्हतं. जॉस्लिनला कुणाचा तरी गळा धरायचा होता. पोर्ट्समथमध्ये, दुकानात, ऑफिसात, भिंतीपलीकडे केंटकीत, कुठेतरी असा एक माणूस हवा होता ज्याच्यासमोर एमेटचा वाडगा आपटता येईल. पायरीवर बसून तिने ॲपमधल्या मदतीच्या खिडकीत लिहिलं. शुद्धलेखनाचे बारा वाजले होते. माझ्या भावाचं जेवण परत द्या. आत्ता.

लगेच उत्तर आलं. 'नमस्कार जॉस्लिन! तुमचे सर्व परतावे पूर्ण झाले आहेत. आणखी काही मदत हवी आहे का?'

तुम्ही काय परत घेताय? तिने पुन्हा लिहिलं.

'नमस्कार जॉस्लिन! तुमचे सर्व परतावे पूर्ण झाले आहेत.'

तिने तिथेच खार पुसून टाकली. वर जाऊन आईचा फोन घेतला, त्यातलीही पुसली. आईने अडवलं नाही.

डिसेंबर वाईट गेला, पण खरा गेला. कपडे भांड्याच्या साबणाने धुतले, आणि तो संपल्यावर नुसत्या गरम पाण्याने. जॉस्लिन भर वर्गातून उठून शाळेच्या नर्सकडे गेली आणि म्हणाली, "मला पॅड हवेत. एक नाही, महिन्याभराचे. आणि लाजायचं असेल तर मी लाजणार नाहीये." नर्सने कपाट उघडून दोन पाकिटं दिली. परत येताना दोन मुली तिच्यामागून नर्सकडे गेल्या.

घरात कॉर्नफ्लेक्स वाजू लागले. मॅकरोनीने खिडक्या धुरकटल्या. एमेट दोन वाडग्यांवर थांबायचा, पोट पुढे काढून म्हणायचा, "फुटणार आता!" आणि जॉस्लिन त्या पोटावर ढोलकीसारखी बोटं वाजवायची. आईने पट्ट्याचं एक भोक सोडलं. एकदा झोपलेल्या एमेटला सोफ्यावरून उचलताना ती एका हाताने उचलून सरळ चालू लागली, आणि दारात थांबून तिने त्याला हातावर तोलून पाहिलं, जणू त्याला वजनच नव्हतं. मग पुढे गेली. भरेल अंग हळूहळू, जॉस्लिनने मनात म्हटलं. दोन महिन्यांचं नुकसान आहे.

जानेवारीच्या आठ तारखेला नदीवरून बोचरा वारा सुटला होता. एमेट आता ट्रॉलीत बसायला नाही म्हणायचा. सगळा बाजार कार्डावर झाला. ल्युऐनने पावती पुढे केली तशी जॉस्लिनने ती घेऊन तिच्यासमोरच टराटरा फाडली, चार वेळा, आणि तुकडे कचऱ्यात टाकले.

"अगं, खारीला नाही दाखवायची?" ल्युऐन म्हणाली. तिच्या गालांची हाडं वर आली होती.

"ल्युऐन, तूही बंद कर. आजच. मी सांगते तुला सगळं, उद्या येते."

पिशव्या भरून ती वळली. एमेट पुढे पळाला होता. बाहेर पडायच्या काचेच्या दारापाशी, त्या आपोआप सरकणाऱ्या दारापाशी, तो उभा होता. लाल टोपी, लाल हातमोजे.

दार बंद होतं.

त्याने एक उडी मारली. दोन्ही हात वर करून हलवले. काचेला नाक लावलं, मागे सरकला, पुन्हा पुढे आला. दार हललं नाही.

बाहेरून वाऱ्याने एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी घरंगळत आणली. दार सळकन उघडलं. पिशवी उंबऱ्यावर गिरकी घेऊन निघून गेली आणि दार एमेटच्या नाकासमोर पुन्हा मिटलं.

जॉस्लिनला खारीचं उत्तर आठवलं: तुमचे सर्व परतावे पूर्ण झाले आहेत. पिशव्यांचे पट्टे बोटांत रुतत होते.

एमेटने वळून पाहिलं. त्याला कसलंच आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"जॉस, तू पुढे ये ना," तो म्हणाला. "माझ्यासाठी ते कधीच उघडत नाही."