राहू द्या

"चाळीस पत्रिका, आणि चाळीसही वेगळ्या?" मास्तरणीने चष्मा वर सरकवला. छापखान्यात मुद्रितं तपासायची ती. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

"धाकट्या बहिणीचं लग्न आहे," समोरचा लिफ्ट-दुरुस्तीवाला म्हणाला. "तिचं म्हणणं, ज्याला बोलावतोय त्याला का बोलावतोय ते लिहायचं. ओळ सुचली नाही, तर बोलावणंच नाही."

मास्तरणीने हातातलं पेन खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी, ती रजेवर असताना, तिच्याच लग्नाच्या नऊशे पत्रिका इथे छापल्या होत्या, तिच्या नावातली वेलांटी चुकवून. होणाऱ्या नवऱ्याने मुद्रित न वाचताच 'ठीक आहे' लिहून पाठवलं होतं. तिने लग्न मोडलं. एका वेलांटीपायी, म्हणून आईने महिनाभर अबोला धरला. पण ज्याला आपलं नावसुद्धा वाचवत नाही, त्याच्यासोबत जन्म काढायचा कसा? तेव्हापासून लग्नाचा विषय निघाला की ती उठून जायची.

या पत्रिकांपाशी मात्र ती बसून राहिली. तो रोज संध्याकाळी पाच-सहा मजकूर आणायचा. 'काका, तुम्ही मला सायकल शिकवलीत आणि पडलेलं घरी सांगितलं नाहीत.' वाचताना ती एखाद्या ओळीवर अडायची, मग त्याच्यावरच घसरायची.

"वेलांट्या किती वर-खाली करता हो तुम्ही?"

"वर-खाली करणं हा माझा धंदाच आहे." मग जरा थांबून, "तुमच्या नावात... वेलांटी पहिली की दुसरी?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "दुसरी," ती म्हणाली. त्याने ते तळहातावर लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी चाळिसावा मजकूर आला. वर तिचं नाव होतं. खाली— 'तुम्ही लग्नाला याव अस बहीणीला वाटतं. मला जास्त वाटतं. नंतरही याव.'

सवयीने तिचं लाल पेन चाललं. 'बहिणीला' केलं, अनुस्वार दिले, 'नंतरही यावं' खोडलं. लग्नपत्रिकेत असलं काही लिहितात का? मग नजर वर गेली. नावातली वेलांटी दुसरी होती, अगदी ठसठशीत.

मास्तरणीने ओळ पुन्हा वाचली. मग खोडलेल्या शब्दांखाली तिने टिंबं दिली आणि समासात दोन शब्द लिहिले.

"'राहू द्या' म्हणजे?" त्याने विचारलं.

"खोडलेलं परत ठेवायचं असलं की आम्ही असं लिहितो."

"आणि... किती दिवस राहू द्यायचं?"

"छापलेलं पुसता येत नाही हो," ती म्हणाली आणि कागदावर सही करून तो त्याच्या हातात दिला.