कोठडी निरंक

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी स्वतः पोलीस ठाण्यात कारकून आहे, अफवा पसरवून मला काय मिळणार? हे गेल्या रविवारी, भर दुपारी तीन वाजता, आमच्या ठाण्याच्या जुन्या कोठडीत घडलं.

ठाण्याला शंभर वर्षं होतायत. इतिहास लिहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. जुनी रजिस्टरं त्या बंद कोठडीत रचलेली.

बाबा याच ठाण्यात हवालदार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दर दोन तासांनी उठून घरातल्या मागच्या खोलीत डोकावतात. आई म्हणते, "हे नोकरीतून सुटले, नोकरी काही यांना सोडत नाही."

पहाऱ्याचा नियमच तो. दर दोन तासांनी कोठडीत बघायचं, माणसं मोजायची, आकडा लिहायचा. कोणी नसेल तर 'निरंक'.

शेवटचं रजिस्टर उघडलं. अक्षर बाबांचं. शेवटच्या पानावर दिवसभराचे 'निरंक', सगळे एका दमात लिहिल्यासारखे.

दुसऱ्याच दिवसापासून कोठडी कायमची बंद. का, ते कुठेच नाही.

बाबांनी कोठडीत न डोकावता बसल्या जागीच लिहिलं होतं की काय?

तेवढ्यात...

टक्. टक्. टक्.

गजांवर पेला आपटल्याचा आवाज.

कोठडीत मी एकटीच होते. पेला नव्हताच.

घरी येऊन बाबांना एवढंच म्हटलं, "जुन्या कोठडीचं शेवटचं रजिस्टर सापडलं."

"काय लिहिलंय?"

"निरंक."

"मग झालं तर."

थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "पाणी मागत होता का?"

आवाजाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

"बाबा, त्या दिवशी आत कोणी होतं?"

"नोंद नाही ना? मग नव्हतं."

सोमवारी इतिहासाच्या तक्त्यात एक रकाना आला. कोठडीतील मृत्यू. पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. शेवटी बाप तो बापच.

'निरंक' लिहिलं.

त्या दिवसापासून आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीला, गजांवर...

टक्. टक्. टक्.

बाबा उठतात. आता मीही उठते. पाण्याचा तांब्या ठेवून येते.

बाबा दारातूनच विचारतात, "किती?"

खोलीत कोणी नसतं. पण तो शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही.