चिंचेपासून डाव्या हाताला

"टँकरचा पाठलाग करायचा," धम्मरत्न म्हणाला. "सायकलवर."

"तुझ्या सायकलला ब्रेक नाहीत," योगिनी म्हणाली.

"पाठलागाले ब्रेक कायले लागते?"

हेमलाने डोक्यावरचा तिसरा हंडा ओट्यावर उतरवला, चुंबळ झटकली आणि मान दोन्हीकडे वळवून पाहिली. मान दुखत होती. सकाळचे नऊ वाजले होते आणि अजून दोन खेपा बाकी होत्या. सुट्टी लागली की या तिघांचे बेत शिजायचेच, पण या वर्षी ते ऐकून घेण्याइतकंही बळ हेमलाकडे उरलं नव्हतं.

हेमला बारा वर्षांची. मानोऱ्याच्या बाजूला धरमसिंग तांड्यावर तिचं घर. बाप दूर पुण्याकडे वीटभट्टीवर होता, आणि आई, दुर्गाबाई, पंधरा दिवसांपूर्वी मोठं ऑपरेशन होऊन बाळंत झाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दीड महिना जड उचलायचं नाही, नाहीतर टाके उसवतील. आई "बरं" म्हणाली होती, पण हेमला आपल्या आईला पुरती ओळखून होती. घरातलं पाणी संपलं की ती हंडा घेऊन उठणार म्हणजे उठणारच. म्हणून पाणी संपू द्यायचं नाही, एवढं एकच काम हेमलाने अंगावर घेतलं होतं. तांड्याची विहीर कोरडी पडलेली. नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायचं, तर एका खेपेला पाऊण तास जायचा.

आणि खरं म्हणजे हे सगळं करायची गरजच नव्हती. तांड्यासाठी टँकर सुरू होऊन आज नऊ दिवस झाले होते. रोज दुपारी तो विहिरीत रिकामा करायचा, असं ठरलं होतं. विहिरीत मात्र थेंब नव्हता. तांड्याचे प्रमुख फुलचंद नाईक रोज टँकर पाठवणाऱ्या ऑफिसात फोन लावत, आणि तिकडून रोज उत्तर येई की टँकर तुमच्याच विहिरीत ओतून आला. ड्रायव्हर पाणी विकतो, असं नाईकांचं ठाम मत झालं होतं. तांडेवाले खोटं बोलतात, असं ऑफिसचं ठाम मत होतं. दोन्हीकडची मतं इतकी ठाम, की टँकर जातो तरी कुठे हे बघायला कोणीच गेलं नव्हतं.

योगिनी वाशीमची. सुट्टीसाठी शेजारच्या गावात, जानरावमामाकडे आली होती. धम्मरत्न त्याच गावचा आणि हेमलाच्या वर्गातला. आज योगिनी एक बातमी घेऊन आली होती आणि ती सांगायला केव्हाची तळमळत होती. मामाच्या शेतातल्या विहिरीला ऐन मे महिन्यात पाणी लागलं होतं! मामा संध्याकाळी जाऊन बघतो, तर पाणी आदल्या दिवसापेक्षा वर. त्याने विहिरीपुढे नारळ फोडला, गावभर पेढे वाटले, आणि जमिनीतला झरा फुटला असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला.

"कधीपासून?" हेमलाने डोळे मिटूनच विचारलं.

"झाले की आठ-नऊ दिवस."

हेमलाने डोळे उघडले. धम्मरत्नने सायकल उचलली.

दुपारी बारा वाजता तिघं जानरावमामाच्या शेतात पोचले. सडकेवरून शेतात वळायच्या जागी एक मोठी चिंच होती. आत विहीर, पलीकडे संत्र्याची बाग, आणि विहिरीजवळ सहा-सात पत्र्याच्या खोल्या. सडकेच्या कामावरचे मजूर चार-पाच वर्षांपूर्वी तिथे राहून गेले होते, खोल्या तशाच राहिल्या. तिघं एका खोलीमागे दबा धरून बसले. दबा धरायला लागणारा उत्साह दोघांनीच पुरवला, कारण हेमला बसल्या बसल्या झोपली.

ती जागी झाली ती पाण्याच्या आवाजाने. टँकर विहिरीच्या काठाला मागून लागला होता आणि जाड पाइपातून पाणी धो धो खाली पडत होतं. हेमला बघतच राहिली. तिने या नऊ दिवसांत डोक्यावरून आणलेलं सगळं पाणी त्या पाइपातून अर्ध्या मिनिटात गेलं असतं. तिला रडूच आलं.

धम्मरत्न मात्र धावत पुढे गेला. "कोणाचं पाणी कुठं ओतून राह्यले तुमी?"

ड्रायव्हर हरीओम गळ्यातल्या गमछ्याने घाम पुसत होता. आधी तो दचकला, मग त्याला राग आला. हा धरमसिंग तांडाच नाही का, असं त्याने उलट विचारलं. विहीर आहे, खोल्या आहेत. रोज हॉर्न वाजवतो तरी एक माणूस बाहेर येत नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा कोणी विचारत नाही. उन्हाचे झोपत असतील म्हणून तो बिचारा रोज मुकाट्याने टँकर रिकामा करून जात होता.

"तांडा मागं रायला, दोन किलोमीटर," धम्मरत्न म्हणाला. "तुमाले रस्ता सांगतला कोनं?"

"पयल्याच दिवशी सडकेवर एक पोरगी भेटली. डोक्यावर हंडा, तोंडाले ओढणी. तिनंच सांगतलं, चिंचेपासून डाव्या हाताले वळा. मंग? हे काय चिंच नाई?"

"कोन्ती येडी पोरगी होती थे?" धम्मरत्न म्हणाला.

तो टँकर हेमलाला आठवला. ती झिऱ्यावरून येत होती, थांबायचंही त्राण नव्हतं, चालता चालताच तिने उत्तर दिलं होतं. तोंडावर ओढणी होती. गप्प बसली असती तर कोणाला कधीच कळलं नसतं.

"मीच होती थे," ती म्हणाली.

तांड्याच्या फाट्यावरही एक चिंच होती, म्हणजे कधीकाळी होती. सडक रुंद करताना ती तोडली तेव्हा हेमला दुसरीत होती. खोड गेलं, मुळं गेली, आता तिथे नुसता मुरूम होता. पण तांडा अजून चिंचेवरूनच वळत होता. लग्नाच्या वऱ्हाडाला, पोस्टमनला, सिलिंडरच्या गाडीला सगळ्यांना तीच खूण. ज्यांना वाट माहीत होती त्यांना झाड नसल्याने काही अडत नव्हतं. आणि ज्यांना माहीत नव्हती ते सरळ पुढच्या चिंचेपर्यंत जात होते.

योगिनीचा विश्वास बसेना. तिने तिथूनच मामाला फोन लावला आणि धरमसिंग तांड्याला कसं जायचं ते विचारलं. मामा झोपेतून उठला होता. "चिंचेपासून डाव्या हाताले," तो जांभई देत म्हणाला.

"म्हणजे तुमच्या शेतातली चिंच?"

"अवं, थे माही चिंच. मी तांड्याची चिंच म्हणून राह्यलो!" असं म्हणून मामाने फोन ठेवला.

हरीओम मटकन विहिरीच्या काठावर बसला. आजचा टँकर रिकामा झाला होता. उद्यापासून तो बहिणीच्या लग्नासाठी रजेवर, त्याच्या जागी दुसरा माणूस येणार, आणि त्या माणसाला वाट फोनवरच सांगावी लागणार. योगिनीने मोबाईलवर नकाशा उघडला. त्यात सडक होती, तांडा नव्हता.

"तीन फाटे हायत, तिन्ही सारखे," हरीओम म्हणाला. "मुरूम अन् बाभळी. मी त्याले खूण काय सांगू?"

धम्मरत्नने पाटीची कल्पना काढली, पण पाटी, रंग आणि खांब एका दिवसात कुठून आणायचे?

"सांगा का फाट्यावर एक पोरगी उभी राहीन," हेमला थकल्या आवाजात म्हणाली. "लाल ओढणीवाली."

घरी परतली तर आई उंबऱ्यात बसलेली होती. एक हात पोटावर, शेजारी हंडा. बाळाचे कपडे धुवायला पाणी पुरलं नाही म्हणून ती दोन घरं सोडून मागायला गेली होती. "अर्धाच होता," आई म्हणाली. हेमला तिच्यावर ओरडली, इतकी की बाळ दचकून रडायला लागलं, आणि मग हेमलाही रडली. उद्या टँकर आलाच पाहिजे, नाहीतर आई पुन्हा उठेल, याशिवाय तिला काही सुचत नव्हतं.

संध्याकाळी तिघांनी नाईकांना सगळं सांगितलं. ते ड्रायव्हरच्या अकलेवर हसले, आणि हसता हसता थांबले. ऑफिसात फोनवर त्यांनीही चिंचच सांगितली होती. उद्या फाट्यावर माणूस उभा करतो, असं ते म्हणाले खरे, पण उद्या पोहरादेवीला तांड्यातलं लग्न होतं आणि सकाळी अर्धा तांडा जीपमध्ये बसून निघून गेला. तो माणूसही त्याच जीपमध्ये गेला.

मुलं अकराला फाट्यावर पोचली. सावली म्हणाल तर रस्त्याखालच्या मोरीत तेवढी. धम्मरत्न आणि योगिनी आळीपाळीने मोरीत बसले. हेमला वर उभी राहिली ती राहिलीच. चूक आपली आहे, मग ऊनही आपलंच, असं तिने ठरवून टाकलं होतं. साडेबाराला एक जीप थांबली आणि आतल्या माणसाने पोहरादेवीची वाट विचारली. हेमलाच्या ओठांवर एका वडाचं नाव आलं होतं. ती थबकली, वड अजून आहे की नाही हे धम्मरत्नला विचारलं, आणि मगच सांगितलं. दीड वाजला, दोन वाजले. पाय भरून आले, डोळ्यांपुढे सडक हलायला लागली. योगिनीने खाली ये म्हणून हात धरून ओढलं, तरी ती हलली नाही.

अडीचला वळणावर टँकर दिसला. तो सरळ पुढे जाणार असं वाटत असतानाच वेग कमी झाला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"लाल ओढणी तूच काय वं?"

"मीच. डाव्या हाताले घ्या," हेमला म्हणाली आणि खाली बसली.

तांड्याच्या विहिरीत पाणी पडायला लागलं तेव्हा घराघरांतून बाया हंडे घेऊन धावल्या. पहिला हंडा शेजारणीने भरून दुर्गाबाईच्या घरात नेऊन ठेवला. थोड्या वेळाने जानरावमामाही बैलगाडीत पाण्याचे दोन ड्रम घालून आला. योगिनीने त्याला गावासमोर खरं सांगायला लावलं होतं. टँकरच्या चाकांचे ठसे त्याला दिसले नव्हते असं नाही, पण झरा फुटल्याचा आनंद इतका होता, की विचारायची इच्छाच झाली नाही. "बाकीचं संत्र्यायनं पिऊन टाकलं," तो मान खाली घालून म्हणाला. "आता झाडायच्या पोटातून कसं काढू?" यावर बायांनी त्याला जे ऐकवलं ते त्याला पावसाळाभर पुरलं असतं.

नाईक अंधार पडता पडता लग्नाहून आले. त्यांनी धम्मरत्न आणि योगिनीच्या पाठीवर थाप मारली, दोघांना लग्नातले लाडू दिले, आणि हेमलाला शोधत तिच्या दाराशी आले. हेमला आईच्या बाजेखाली गाढ झोपली होती. नाईकांनी मोठ्याने बोलायला सुरुवात केली, तशी दुर्गाबाईने तोंडावर बोट ठेवलं.

"चूक तर आमी सगळ्यायनंच केलती," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कबूल करणारी हे एकटीच निंगाली. लय मोठ्या मनाची पोरगी हाय बाई तुही."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. सिलिंडरची गाडी सडकेवर येऊन उभी होती आणि नवीन माणूस वाट विचारत होता. नाईकांच्या तोंडून "चिं" एवढं निघालं आणि ते थांबले. त्यांनी बाजेखाली पाहिलं.

"हेमलापासून डाव्या हाताले वळ," ते म्हणाले. पलीकडच्याने काहीतरी विचारलं. "हेमला म्हंजे पोरगी. नाई, आता तठी नाई उभी. दुपारी होती."

दुर्गाबाईला हसू आवरेना. टाके दुखत होते, म्हणून ती पोटाला हात लावून हळूहळू हसत राहिली. दुसऱ्या दिवशी हेमला दहा वाजले तरी उठली नाही, आणि तांड्यातल्या कोणी तिला उठवलंही नाही.