खेळोबासमोरचा पाट

गुरवाचं लक्ष निवदावर, ही म्हण ज्याने कोणी काढली त्याने बाबली गुरवाला पाहिलेलं असणार. नारळी पुनवेनंतरचा पहिला सोमवार होता. पावसाने जरा उसंत घेतली होती आणि बाबली नैवेद्याचं ताट केळीच्या पानाखाली झाकून खेळोबाची घाटी चढत होता. अर्ध्या वाटेत थांबून त्याने ताटातल्या घावनाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. देवाच्या आधी! तोंडात दात एक नव्हता. हिरड्यांनी चघळत, ओठ पुसत तो देवळात शिरला. असला हा पुजारी, आणि त्याच्या हाती अख्ख्या वाडीचं नशीब.

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला, त्याच्या मागचं-पुढचं साल असेल. विजयदुर्गाच्या अलीकडे खाडीकाठी गाबतांची, मासे मारणाऱ्यांची ही वाडी, आणि खेळोबा हा त्यांचा नशिबाचा देव. नशिबाचा कसला, जुगाराचाच म्हणा ना! चांदीचे डोळे लावलेला काळा दगड. सोमवारी भर दुपारी नैवेद्य झाला की गुरवाने देवापुढे सात कवड्या मांडायच्या, समोर फणसाचा रिकामा पाट ठेवायचा आणि दार ओढून घ्यायचं. देव आत एकटा खेळतो, अशी समजूत. तिन्हीसांजेला दार उघडायचं. निम्म्याहून जास्त कवड्या उताण्या पडलेल्या असल्या तर देव जिंकला, खुशाल होड्या लोटा. पालथ्या जास्त असल्या तर देव हरला, रुसला, होड्या किनाऱ्यावरच. समोरचा पाट कोणासाठी, हे कधी कोणी विचारलं नाही.

आतली गोष्ट फक्त गुरवाच्या घरात ठाऊक होती. देव कसला खेळतोय! मागच्या दाराने गुरवच जायचा आणि कवड्या उलटून यायचा. बाबलीचा बाप नाना हेच करायचा. पण करायचा कसा? गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून, मान खाली घालून, माडाच्या झावळीच्या लांब हिराने एकेक कवडी ढकलायचा. तोंडातून चकार शब्द नाही. पाटाला तर आपली सावलीही लागू द्यायचा नाही. मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ. मरताना मुलाला एवढंच म्हणाला होता, "लबाडी करुची तर मुकाट करुची. आणि त्या पाटार बसा नको." का, ते सांगितलं नाही. त्यालाही कोणी सांगितलेलं नसावं.

बाबलीला बापाचं हसूच यायचं. "चोरी करतलो, ती पण सोवळ्यात!" नाना गेल्यावरच्या पहिल्याच सोमवारी हा पठ्ठ्या सरळ गाभाऱ्यात घुसला, गुडघे दुखतात म्हणून त्याच पाटावर मांडी ठोकून बसला आणि कवड्या हाताने उलटल्या. आपला हात जगन्नाथ! जिंकवायचा तो नेहमी देवालाच. देव जिंकला की होड्या जायच्या, होड्या गेल्या की गुरवाच्या घरी सुरमई यायची. देव हरला तर काय येणार, कपाळ?

बरं, नुसतं बसून गप्प राहील तर तो बाबली कसला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "खेळतंस मां? मगे कायतरी लावक नको? मी माझे दात लावतंय!" असं म्हणून खो खो हसला आणि कवड्या उताण्या केल्या. त्या वर्षी दात हलायला लागले, पुढच्या शिमग्यापर्यंत तोंडाचं बोळकं झालं. बाबलीने खापर सुपारीवर फोडलं. पुढच्या वरच्या दाताचा टवका सुपारीनेच उडाला होता ना! पानाने तपकिरी झालेला तो दात सगळ्यात शेवटी पडला. मग एकदा त्याने नाक लावलं, तेव्हा वास येईनासा झाला. कापूर जळो की मासळी कुजो, याला सारखंच. पडसं मुरलं, म्हणाला. मग एकदा फारच मिजाशीत येऊन त्याने उजवा हात लावला. "ह्योच हात तुका जिंकयता, ह्योच घे!" आणि हाताला काहीही झालं नाही. दोन पावसाळे गेले, हात आपला धडधाकट. मग काय, उरलीसुरली भीतीही गेली. "दगड तो दगडच," बाबली म्हणायचा, आणि त्याच दगडाच्या जिवावर जेवायचा.

तर त्या सोमवारी होडीवाल्या सत्यवान तांडेलाने त्याला कोंबडा कबूल केला होता. देव जिंकला की कोंबडा घरपोच. बाबली पाटावर बसला आणि देवाच्या चांदीच्या डोळ्यांकडे बघत म्हणाला, "आज माझ्या घरात जो नवो जीव पयलो येतलो, तो लावलंय. जिंकलंस तर तुझो." मनात कोंबडा, आणि कोंबड्याची तंगडी देवाला दाखवून आपणच खायची, हाही बेत. सातही कवड्या उताण्या करून तो उठला. उठताना उजवा हात कवड्यांवरून उचलायला जरा उशीर लागला, असं त्याला वाटलं. पण असल्या गोष्टींकडे लक्ष देईल तर तो शहाणा नसता झाला?

घरी आला तर बायको जानकी पायरीवर उभी. "खंय होतास? सुगंधाक कळा लागल्या! यमुनाबाईक घेवन येवा, धावा!"

सुगंधा त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस अजून भरायचे होते. बाबली माणूस कवडीमोल, पण लेकीवर त्याचा जीव होता, तेवढं खोटं बोलून चालणार नाही. सुईणीला त्याने ओढतच आणलं. मग पुरुषांचं घरात काही काम नाही म्हणून तो खाली धक्क्यावर जाऊन बसला. तिथे नुरुद्दीन जाळं शिवत होता. आगबोटीवर कोळसा ओढून अर्धं जग बघून आलेला माणूस.

"काय गुरवानू, देवाक सांगून इलास मां चेडवाचा, सुगंधाचा?"

"देवाक?" बाबलीने थुंकी टाकली. "तेका काय कळता? दगड!"

"तसा म्हणा नको. मी मुसलमान, माका तेंचा काय नाय. पण नशिबाचे देव मी बंदराबंदरात बघलंय. पळसाक पानां तीनच. इटलीत एक बाय, डोळ्यांक पट्टी, हातात चाक. चिन्यांचो एक वाघार बसलेलो, जुगाराच्या अड्ड्यात तेच्यापुढे उदबत्ती. आणि पोर्ट सैदात एका म्हाताऱ्यान सांगल्यान ती गजाल तर..."

"सांग."

"जुन्या वक्तात थंय एका देवीक शाप होतो. वर्साच्या कुठल्याच दिवसाक तिका बाळंत होवक मिळाचा नाय. मगे एक देव चंद्रावांगडा सोंगट्यो खेळाक बसलो. चंद्राक मिजास. म्हणालो, हरलंय तर काय, इल्लोसो, चिमूटभर उजेड जायत. इल्लोसो गेलो. मगे आणि इल्लोसो. चंद्राक कळला पण नाय." नुरुद्दीनने दातांनी दोरा तोडला. "जिंकलेलो उजेड एकठय करून देवान नवे दिवस केल्यान. आणि त्या दिवसांत त्या देवीक पोरां झाली. देव जल्माक इले, बाबल्या... दुसऱ्याच्या हरलेल्यातून."

 बाबलीची जीभ हिरड्यांवरून फिरली. इल्लोसो... मगे आणि इल्लोसो.

"नुरुद्दीन," तो हळूच म्हणाला, "समोर बसलेल्याक आपण खेळतंय ह्या ठावकच नसला, तर?"

"समोर बसता तो खेळता. ठावक असो नाय तर नसो."

आणि मग त्याला आठवलं, दुपारी आपण काय लावून आलो ते. घरात जो नवो जीव पयलो येतलो... वर घरातून सुगंधाची किंकाळी आली. जानकी माडांतून धावत येत होती. "पोर आडवा आसा, यमुनाबाय म्हणता! देवाक सांगा हो, देवाक सांगा!"

बाबली घाटी कसा चढला ते त्याचं त्याला कळलं नाही. दिवस कलला होता. देवळापुढे वाडीतली माणसं जमायला लागली होती, सत्यवान ढोलवाल्याला हाक मारत होता. बाबली मागच्या दाराने आत शिरला आणि दार लावून घेतलं.

आत अंधार दाटला होता. समई शांत तेवत होती, पण तिच्या तेलाचा वास नाही, फुलांचा नाही, कशाचाच नाही. सात उताण्या कवड्या तोंडं वासून पडल्या होत्या. बाबली पाटावर बसला. पाट ऊन होता, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा.

"चुकलंय," तो पुटपुटला. "कोंबडो म्हणान बोललंय रे म्हाराजा... कोंबडो..."

चांदीचे डोळे त्याच्याकडे बघत होते. आता एकच वाट होती. देवाला हरवायचं. कवड्या पालथ्या करायच्या. होड्या राहिल्या तर राहोत, वाडी शिव्या घालो. जन्मात पहिल्यांदा बाबली गुरव स्वतःच्या बाजूने खेळायला बसला. त्याने उजवा हात पुढे केला.

हात हलला नाही.

मांडीवर तो तसाच पडून राहिला. दुखत नव्हता, बधिर नव्हता. नुसता ऐकत नव्हता. बाबलीने डाव्या हाताने एक कवडी पालथी केली, दुसरी केली, तिसरी केली, चौथी केली. बास, चार पालथ्या... हरलो देव...

तेव्हा उजवा हात उठला. घाई नाही, गडबड नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या हाताने पहिली कवडी उताणी केली. मग दुसरी. बाबलीने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, ओढलं, हिरड्यांनी चावलं. हात त्याला दाद देईना. दोन पावसाळे याला वाटत होतं की हात आपलाच राहिला! देवाने हात कधीच जिंकलेला होता. धन्याचं काम पडेपर्यंत याच्या अंगाला नुसता लटकत होता.

सातही कवड्या उताण्या झाल्या तेव्हा बाहेरून दारावर थाप पडली. "गुरवानू, उघडा! दिवे लागले!"

दार त्याच हाताने उघडलं.

"जिंकलो! देव जिंकलो!" ढोल वाजला, माणसं नाचायला लागली. बाबली त्यांच्यातून वाट काढत, पडत-धडपडत घाटी उतरला. मागोमाग सत्यवान तांडेल, हातात पाय बांधलेला कोंबडा. "अवो गुरवानू, थांबा तरी! ह्यो तुमचो कोंबडो!" पण घरात पहिलं यायला कोंबड्याला उशीर झाला होता.

यमुनाबाई दारात घाम पुसत उभी होती, आणि हसत होती. "झील झालो! बाय सुखरूप. मिया हात टेकले होते हां बाबल्या. आणि देवळात ढोल वाजलो मात्र, पोर आपसूक फिरला नि इला. खेळोबा पावलो!"

बाबली घरात शिरला. सुगंधा खाटेवर दमून हसत होती, जिवंत, धडधाकट. शेजारी सुपात बाळ. त्याने श्वास सोडला. आणि सांगायलाही लाज वाटते, पण एका क्षणात त्याची जुनी गुर्मी परत आली. खंयचो देव नि खंयचा काय! नुरुद्दीनच्या गजाली, रिकाम्या पोटाची भोवळ. हात जरा लचकला असेल. तो गुडघ्यांवर सुपाशी सरकला. "ये रे माझ्या सोन्या," म्हणाला.

बाळ रडत नव्हतं. त्याने नाकपुड्या फुगवून वास घेतला, बाबलीचा, सावकाश, ओळख पटवावी तसा. मग ते हसलं. इवल्याशा गुलाबी हिरडीत वरती एकच दात होता. पानाने तपकिरी झालेला, कोपऱ्याचा टवका उडालेला.

 बाबलीचा उजवा हात उठला, पुढे झाला आणि बाळाच्या पावलांवर टेकला.

"अवो, नातवाच्या पायां पडतास?" जानकी हसली. "उलटाच काय ह्या!" सगळे हसले. बाबली डाव्या हाताने उजवा मागे ओढत होता, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बाळाने पाय जरासे पुढे केले. पाया पडून घ्यायची सवय असल्यासारखे.