मिस्त्रींचा तिसरा अर्ज

बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. मला वाटलं, कुणा पेशंटचा नातेवाईक गार फरशी बघून आडवा झालाय.

“उठा. हा बाळांचा वॉर्ड आहे, धर्मशाळा नाही.”

“उठतो सिस्टर,” खालून आवाज आला, “पण मी उठलो तर हा वॉर्मर बसेल.”

तो आमच्या सरकारी हॉस्पिटलचा नवा मिस्त्री. श्रीमंत देशांनी वापरून काढलेली यंत्रं आमच्याकडे देणगी म्हणून यायची. सोबत फोटो काढायला पाहुणे यायचे. सुटे भाग यायचे नाहीत. मिस्त्री एकाचं काढून दुसऱ्याला लावत वॉर्ड चालवायचा.

मग तो रोजच येऊ लागला.

“आज काही बिघडलं नाहीये,” मी म्हणायचे.

“मग बसतो जरा… बिघडेलच.”

मी मान खाली घालून तक्ता भरायचे, पण अक्षर मात्र वाकडं यायचं.

थंडीत एका दुपारी वॉर्मरची कॉइल जळाली. तो भाग बनणंच बंद झालं होतं. मिस्त्रीने इस्त्रीची कॉइल काढून जोडायला घेतली. वॉर्डात बाळं चाळीस आणि सिस्टर मी एकटी. चार दिवसांच्या एका मुलीला मी छातीशी धरून बसले. तासाभराने ती माझ्या हातांतच गार झाली. तरी तो स्क्रू पिळतच होता. मी त्याचं मनगट धरलं.

“पुरे…”

त्याने हात सोडवून घेतला नाही.

त्यानंतर महिन्याभरात मला परदेशातल्या हॉस्पिटलचं बोलावणं आलं. पगार आमच्याकडच्या वीसपट. घरी बाबांचं डायलिसिस होतं, पाठीवर दोन भावंडं.

“जाऊ नको म्हण ना,” मी म्हटलं.

“म्हटलं तर राहशील?”

“…नाही.”

“मग कशाला शब्द वाया घालवू? जा. मी येईन भेटायला.” तो खिशात उगाच काहीतरी शोधत राहिला. “प्रेम आहे म्हणून सांगतोय. उगाच पाहुणचाराला नाही येणार.”

इथे परदेशात चार बाळांमागे दोन सिस्टर आहेत. वॉर्मर बंद पडला, तर दहा मिनिटांत दुसरा येतो. पहिल्या दिवशी ते बघून मला ती चार दिवसांची मुलगी आठवली.

मिस्त्रीने भेटीच्या व्हिसासाठी अर्ज केला. नामंजूर. पुन्हा केला, पुन्हा तेच. आज तिसऱ्यांदा उत्तर आलं.

“काय म्हणतात?” मी फोनवर विचारलं.

“तेच. मी परत जाईन याची खात्री पटत नाही त्यांना.” तो हसला, पण हसू काही जमलं नाही. “चाळीस बाळं कुणाच्या गळ्यात घालून मी तिकडे राहणार होतो, तेवढं विचारायचं राहिलं.”

त्यांची यंत्रं आमच्याकडे व्हिसाशिवाय येतात. त्यांना सिस्टर हवी होती, तर माझे कागद तीन आठवड्यांत झाले. पण माझ्या माणसाला पंधरा दिवस इथे यायला परवानगी नाही. मी येते म्हणावं, तर दोन वर्षांचा करार आणि बाबांचं डायलिसिस.

“मिस्त्री,” मी म्हटलं, “माझ्याशी लग्न करशील?”

पलीकडे काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

“कधी, ते मला माहीत नाही,” मी घाईने म्हटलं. “कुठे, तेही नाही.”

“ते मी विचारलं का?” तो म्हणाला. “मी हो म्हणतोय… ऐकून तरी घे.”