पायाला बांधलेली चिठ्ठी

रुचिताने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पुन्हा लावला. बरणीतल्या पालीच्या मांड्यांवर बारीक छिद्रांची लांब रांग होती. अशी छिद्रं नरालाच असतात, आणि एवढी लांब रांग म्हणजे पायथ्याची जुनी, माहीत असलेली जात.

याच पालीच्या शेपटीचा तुकडा जनुकतपासणीत मात्र वेगळ्या जातीचा निघाला होता. तुमसरकडच्या डोंगरातल्या पालींची एक जात मोडून दोन करायच्या, तर शरीर आणि जनुकं यांची साक्ष जुळायला हवी.

परसराम हा विभागातला कंत्राटी मदतनीस. बरण्या पुसताना त्यानेच अदलाबदल केली, असं रुचिताने काल भरल्या वर्गात विभागप्रमुख सरांना सांगून टाकलं होतं. आज संध्याकाळी त्याचं काम सुटणार होतं. तो एवढंच बोलला होता, "मॅडम, मी वरून फडकं मारतो. आतले मुडदे काहून हलवू?"

तिने चिमट्याने पाल उचलली. ओळखचिठ्ठी मागच्या पायाला बांधलेली होती. दोरा कातडीत रुतला होता आणि त्याखाली खोल वळ उमटला होता.

दुपारी जनुकतपासणीचा दुसरा अहवाल आला. बरणीतली पाल डोंगरावरच्या ज्या कड्यावरची म्हणून नोंदली होती, त्याच कड्यावर मागच्या आठवड्यात तिने एक मादी पकडून काचपेटीत ठेवली होती, तिचा. तो वाचून तिने आपल्या हाताखालच्या विद्यार्थिनीला, तृप्तीला बोलावलं.

"उन्हाळ्यात ही पाल तूच पकडलीस ना?"

"हो ताई."

"बरणीत कोणी घातली?"

"मीच. पकडेल तोच सगळं करते ना आपल्यात."

"काही वेगळं दिसलं होतं?"

"पोटात दोन अंडे होते. कातडीतून पांढरे दिसत होते."

रुचिताने सूक्ष्मदर्शक तिच्याकडे वळवला. "मग बरणीत हा नर कसा?"

तृप्ती वाकली नाही. खुर्चीवर बसली.

"दोरा अंग मऊ असतानाच रुततो," रुचिता म्हणाली. "फॉर्मॅलिनमध्ये कडक झाल्यावर नाही. म्हणजे बरणी परसरामच्या हाती जाण्याआधीच चिठ्ठी या नराच्या पायाला होती. आणि ती पेटीतली मादी बघ. शेपटीचं टोक नवं आहे, बिनपट्ट्यांचं. अहवाल सांगतो, तुझ्या नळीतला शेपटीचा तुकडा आणि ती, दोन्ही एकच प्राणी. तू तिचं शेपूट कापलंस आणि तिला सोडून दिलंस."

तृप्तीने काचपेटीतल्या मादीकडे पाहिलं.

"मारवलीच नाही, ताई," तृप्ती म्हणाली. "अंडे हलल्यासारखे वाटले. मग बरणी रिकामी कशी दाखवू? खाली शेताच्या बांधावर हा सापडला. एकीले वाचवायले याले मारलं. तुम्ही परसरामभाऊचं नाव घेतलं तवा मी तिथंच उभी होती. तोंड नाही उघडलं."

रुचिताला रागावता येईना. दोऱ्याखालचा वळ काल पाहायला तिला कोणी अडवलं होतं?

परसराम व्हरांड्यात डबा पिशवीत भरत होता. तिने हळू आवाजात सांगितलं, "भाऊ, चूक तुमची नव्हती. माझी होती."

तो पिशवीची गाठ मारत राहिला. "काल तर सगळ्या पोरापोरींसमोर बोलल्या होत्या, मॅडम. आज एकट्याले सांगून राहिल्या."

रुचिता वळली. आत जाऊन तिने तृप्तीचा हात धरला आणि दोघी सरांच्या भरलेल्या वर्गाकडे निघाल्या. वर्गाच्या दारात थांबून तिने परसरामला हाक मारली.

"भाऊ, तुम्ही पण या. पुढं उभे राहा."