झुल्माची रांग

रविवारी जेवणं उरकून बारिओ सुर वस्तीतली माणसं आडवी झाली की झुल्मा ओलिवेरा फुटपाथच्या कडेला जाळ करायची. फळांच्या फुटक्या पेट्या आणि जुने पेपर. ढोल जाळाभोवती कलते ठेवायचे, आणि कातडं तापून ताणलं की टिचकी मारून बघायचं. जून-जुलैच्या हिवाळ्यात मोंतेविदेओ शहरात पाण्यावरून असा दमट वारा सुटतो की कातडं सादळलेल्या पापडासारखं मऊ पडतं.

दर रविवारी वाजवत रस्त्याने निघणारी ही ढोलांची रांग तिच्या नवऱ्याने, वाल्देमारने उभी केली. तो गेल्यावर झुल्माने ती चालवली. ढोल तीन जातींचे. धाकट्याने न थकता एकच बोल धरायचा, थोरल्याने खालून सगळ्यांना उचलून धरायचं आणि मधल्याने दोघांशी बोलायचं. झुल्माकडे मधला होता. वाजवता वाजवता ती रांगेच्या मागे जायची, पुढे यायची, कान देऊन चालायची. थोरले फार घुमायला लागले की धाकट्याचा कोरडा, टणक आवाज बुडतो. मग ती एकाला मागे घ्यायची, दुसऱ्याला नुसत्या भुवईने दाबायची. घरी परतलं की बोलायला कोणी नव्हतं. मुलगी स्पेनला. तिचा फोन यायचा तोही घाईत.

त्या हिवाळ्यात धाकटा ढोल वाजवणारा नेस्तोर कामासाठी सीमेकडच्या गावी गेला. रांगेत दुसरा धाकटा नव्हता. झुल्मा निघाली ती मन घट्ट करूनच; धाकट्याविना रांग म्हणजे मिठाविना रस्सा.

पहिल्या चौकापर्यंत तसंच झालं. थोरले पसरट वाजत होते. मग उतार लागला आणि सगळं जागेवर बसलं. झुल्माला बरं वाटलं, आणि मग कळलं की का बरं वाटलं. धाकटा वाजत होता. डाव्या हाताला, जरा मागे.

तिने वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

नव्या इमारतींच्या भिंतींवरून आवाज परततो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने स्वतःचा हात हलका केला. धाकटाही हलका झाला. भिंत असं करत नाही. चांगला वादक करतो.

त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या रविवारी थोरले वाजवणारे दोघे भाऊ आले नाहीत. एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याला रखवालीची पाळी लागली होती. नंतरही ते आलेच नाहीत. बाकीचेही गळत गेले आणि शेवटी मिल्टन तेवढा उरला. साठीचा, वाल्देमारचा जुना दोस्त, थोरला ढोल पोटाशी धरून चालणारा. दोघंच निघाले, तरी आवाजात कुठे भोक पडलं नाही. वरच्या बाल्कनीतून एर्सिलियाबाई खांदे हलवत ओरडल्या, "काय गं झुल्मा, आज बरीच मंडळी जमवलीस!"

एर्सिलियाबाईंना दिसत नसे.

मिल्टनने मान खाली घातली. समुद्राकाठच्या रस्त्याला पोचल्यावर त्याने ढोल उतरवला आणि थर्मासमधलं गरम पाणी 'माते' या कडू चहाच्या छोट्या भोपळ्यात ओतलं. अर्धं बाहेर सांडलं.

"आपण शेजारच्या पालेर्मो वस्तीच्या रांगेत जाऊ," तो म्हणाला. "जाणार आहेस का सांग."

"तिथे सगळे नुसते बडवतात. कोणी कोणाचं ऐकत नाही."

"इथे कोण ऐकतंय?"

झुल्माने ढोलाचा पट्टा सैल केला.

"तुझ्या कानाची सगळे शपथ घेतात ना? मग सांग, चौकापासून माझा ढोल कसा लागला?"

"छान. वाल्देमार असतानासुद्धा तू असा वाजवला नव्हतास."

मिल्टनने भोपळा खाली ठेवला. "चौकापासून मी हात खिशात घातले होते, बाई. मुद्दाम. बघावं म्हणून."

"थट्टा पुरे."

"थट्टा करायला मला तोंड आहे का आज? कातडं माझ्या पोटाशी होतं. ते हलत नव्हतं. आणि आवाज माझा होता." त्याने ढोल खांद्यावर घेतला. "तू पण घरी जा. मला फोन कर. सूप कर, मी येतो जेवायला. पण इथे नको."

"मग मी रविवारी काय करू, मिल्टन?"

तो बसथांब्याकडे गेला आणि बस दिसेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आठवडाभर झुल्मा घरातच होती. फोन दोनदा उचलला आणि खाली ठेवला. रविवारी आभाळ उतरलं होतं, समोरची घरंही पुसट. तिने एकटीने जाळ केला, एकच ढोल तापवला, पट्टा खांद्यावर टाकला आणि ढोलावरच निघायची हाक घातली.

उत्तर पहिल्याच बोलाला आलं.

थोरले खालून उठले. धाकटे त्यांच्या वर, एकेक दाणा सुटा. कोणी कोणाला बुडवत नव्हतं. आयुष्यभर भुवया उडवून, माणसं हलवून ती जे साधू पाहत होती, ते हे. कुठेही हात लावावा असं काही नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

तिने मागे पाहिलं नाही.

धुक्यातून माणसं दाराशी आली. कोणी टाळ्या वाजवत होतं. एका बाईने लेकराला झटकन आत ओढलं आणि दार लावलं.

समुद्राकाठी झुल्माने हात वर केला.

सगळे ढोल एकदम थांबले. नवख्याचा एक ठोकाही सांडला नाही.

शांततेत लाटांचा आवाज आला. मग मागे पट्टे करकरले. दमलेले वादक ढोल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतात, तसे. खूप पट्टे.

मग मागूनच एका मधल्या ढोलाने निघायची हाक घातली.

ती हाक झुल्माची नव्हती. आता कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला दाबायचं, हे तिने बघायचं नव्हतं. तिने ढोल सावरला आणि न वळता, उलट्या पावलांनी मागे सरकली. एक पाऊल, मग आणखी एक.

कोणाचं कोपर तिला लागलं नाही. जागा करून ठेवलेली होती.